अंधाराच्या बाजूने

तर्कसंग्रह हातात घेतला तर वजन जाणवत नाही. सतराव्या शतकात अन्नंभट्टाने लिहिलेला हा न्यायशास्त्राचा, म्हणजे जुन्या भारतीय तर्कपरंपरेचा ग्रंथ, आखूड आखूड वाक्यांचा. जगात जे जे म्हणून आहे ते सगळं त्याने सात पदार्थांत, म्हणजे सात मूळ प्रकारांत बसवलंय: द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय आणि अभाव. मुलांना सोपं जावं म्हणून लिहितो आहे, असं पहिल्याच श्लोकात सांगितलंय. एकट्याने वाचायला बसलात तर दुपारभरात वाचून होतो आणि हाताला फारसं काही लागत नाही. गेल्या मे महिन्यात आम्ही काही जण वाईला आठवडाभर एकत्र राहून तो वाचत होतो. पुस्तक संपलं नाही. शब्दखंड, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून होणाऱ्या ज्ञानाचा भाग, तसाच राहिला.

जमलेल्यांत तत्त्वज्ञान शिकवून पोट भरणारं कुणी नव्हतं. वाचून दाखवणारे आमचे सर तेवढे संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक. बाकी कऱ्हाडचे एक वकीलकाका, गणिताच्या एक बाई, कॉम्प्युटर सायन्स शिकणारा पुण्याचा एक मुलगा, एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर, फलटणकडचे एक शेतकरी जोडपं, अशी मंडळी. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. वर्षभर अधूनमधून भेटून काहीबाही वाचणाऱ्यांचा हा गोतावळा. उन्हाळ्यात सलग आठवडा काढायचा हे वकीलकाकांनी लावून धरलं. त्यांचं म्हणणं असं, की महिन्यातून एकदा दोन तास भेटलं की प्रत्येक जण घरून ठरवून आणलेलं मत बोलतो आणि तेच मत घेऊन घरी जातो. ते अगदी खरं होतं.

वाईच का, तर एका ओळखीच्यांचा कृष्णेकाठचा वाडा रिकामा होता, हे खरं कारण. पण वाई म्हटल्यावर सरांचा चेहरा खुलला होता. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांची प्राज्ञपाठशाळा इथली. सात खंडांचा मीमांसाकोश त्यांचा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्यांचेच शिष्य. तरुणपणी विनोबा गांधीजींच्या आश्रमातून रजा काढून शिकायला आले ते इथेच. मराठी विश्वकोशाचं कामही या गावातून चाललं. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. संध्याकाळी ढोल्या गणपतीच्या घाटावर बसलं की सर या मंडळींबद्दल अशा आपुलकीने बोलायचे, जणू ती आताच घाट चढून वर गेली आहेत.

एक गोष्ट मात्र मला त्या घाटावर बसूनही विसरता येत नव्हती. ज्या परंपरेत हे ग्रंथ शिकवले गेले, तिच्या दारातून माझ्या आजीला आत घेतलं नसतं. आमच्या कंडक्टरकाकांच्या आजोबांना तर नाहीच नाही. हे मी दुसऱ्याच दिवशी बोलून दाखवलं. सरांनी सारवासारव केली नाही. ते म्हणाले, "खरं आहे. आणि याच गावात शिकलेले तर्कतीर्थ गांधीजींच्या अस्पृश्यतानिवारणाच्या चळवळीत शास्त्राचे आधार घेऊन उभे राहिले, हेही खरं आहे. दोन्ही धरून ठेवायचं. एकाने दुसरं पुसायचं नाही." कंडक्टरकाका यावर काही बोलले नाहीत. पण अनुमानाचे पाच अवयव, म्हणजे टप्पे, पहिल्यांदा तोंडपाठ झाले ते त्यांचे: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. गाडीतले थांबे सांगावेत तसे ते न अडखळता सांगायचे.

दिवस लवकर सुरू व्हायचा, कारण अकरानंतर पत्रे तापले की माजघरात बसवत नसे. सकाळी मूळ ग्रंथ आणि त्यावरची अन्नंभट्टाचीच दीपिका ही टीका. सरांकडे यशवंत वासुदेव आठल्ये यांनी सिद्ध केलेली मुंबई संस्कृत मालिकेतली प्रत होती. ती पहिल्यांदा १८९७ साली छापली गेली. तिला महादेव राजाराम बोडस यांची प्रस्तावना आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने इतक्या बारकाईने टिपा लिहून ठेवल्या आहेत की आम्ही काढलेली शंका पुष्कळदा त्यांत आधीच येऊन गेलेली असायची. आपली शंका कुणाला तरी आधी आली होती, याने खट्टू व्हायला होत नाही. उलट हुरूप येतो. दुपारी जेवण, झोप, पन्हं. चारनंतर वाद.

वादाचा नियम एकच होता. समोरच्याचं म्हणणं आधी आपण आपल्या शब्दांत सांगायचं. तो "हो, हेच म्हणायचं होतं मला" असं म्हणाला की मगच खोडायला लागायचं. पूर्वपक्ष मांडायची ही रीत जुनीच आहे. दीपिकेत पानोपानी 'ननु' म्हणून प्रतिपक्ष येतो, आपली बाजू ठासून मांडतो आणि मगच अन्नंभट्ट उत्तर द्यायला घेतो. पण छापील पानावर हे वाचणं निराळं, आणि पंख्याखाली घामाघूम होऊन समोरच्या विशीतल्या मुलाचं म्हणणं त्याच्या मनासारखं सांगणं निराळं. वकीलकाकांसारख्या मुरलेल्या माणसालाही पहिल्या संध्याकाळी ते एका दमात जमलं नाही. ते सांगायचे आणि मुलगा मान हलवायचा, "नाही काका, तुम्ही ते थोडं कमकुवत करून सांगताय." काका क्षणभर गप्प राहायचे आणि पुन्हा सुरुवात करायचे. अखेरीस मुलगा "हो" म्हणाला, तेव्हा काका म्हणाले की आता यावर उत्तर द्यायला मला रात्रभर वेळ हवा. तो त्यांना मिळाला. आठवडाभर एकत्र राहण्याचा हा खरा फायदा. उत्तर सकाळपर्यंत थांबू शकतं.

धुरावरचा वाद असा दोन दिवस चालला. 'पर्वतावर अग्नी आहे, कारण धूर आहे. जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघर.' हे उदाहरण माहीत नसलेला न्यायाचा विद्यार्थी नाही. मुलाने पहिलाच आक्षेप घेतला: आजच्या स्वयंपाकघरात गॅस असतो, धूर नसतो, मग उदाहरण बाद. सरांनी हे लगेच सोडवलं. नियम 'जिथे धूर तिथे अग्नी' असा आहे, 'जिथे अग्नी तिथे धूर' असा नाही. गॅसची निळी ज्योत नियमाला धक्का लावत नाही. उलट अग्नीवरून धूर का सिद्ध होत नाही, ते ती दाखवते. ग्रंथातही हेच येतं: अग्नीवरून धूर सिद्ध करायला गेलात तर मध्ये ओल्या लाकडाची अट लपलेली असते. त्या लपलेल्या अटीला उपाधी म्हणतात. लाल तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही.

मग शेतकरी जोडप्यातल्या वहिनी म्हणाल्या, "लग्नाच्या हॉलमध्ये नवरा-नवरी स्टेजवर येताना धूर सोडतात. तिथे कुठे अग्नी असतो?"

हा आक्षेप खरा जोरकस होता. जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, या नियमालाच तो भिडत होता. बाई म्हणाल्या की तो धूर नव्हेच. सुक्या बर्फाने, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडने, हवेतली वाफ थिजते आणि तिचं धुकं होतं. ठीक. पण वहिनी सोडेनात: "तुम्हाला ते माहीत आहे म्हणून धुकं. लांबून बघणाऱ्याला तो धूरच दिसणार. मग पर्वतावरचा धूर तरी धूरच आहे हे लांबून कसं कळलं?" इथे सगळे थांबले. नियम शाबूत राहिला, पण हेतूच, म्हणजे ज्याच्या आधाराने अनुमान करायचं तो धूरच, डळमळीत झाला. डोंगरावर जे दिसतंय ते धूर, धूळ की धुकं, हे ठरल्याशिवाय अनुमानाची गाडी हलत नाही. आणि हे ठरवणारं ज्ञान अनुमानाच्या आधी, पाहण्यातच मिळायला हवं. सर म्हणाले की धूर म्हणून जे घेतलं ते धूरच आहे का, ही शंका फार जुनी आहे, बौद्ध नैयायिकांनीही, म्हणजे तर्कशास्त्र्यांनीही, ती चर्चिली आहे. पण वहिनींना कुणाचा आधार नको होता. त्यांनी ती स्वतः गाठली होती. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहण्यासारखा होता.

माझ्या डोक्यात त्या वेळी आमची लॅब होती. विडाल टेस्ट पॉझिटिव्ह आली की टायफॉइड आहेच, असं पुष्कळांना वाटतं. पण पूर्वी कधी होऊन गेलेला ताप किंवा घेतलेली लस यांनीही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. हेतू आहे आणि साध्य, म्हणजे त्यावरून जे सिद्ध करायचं ते, नाही: ज्याला ग्रंथात सव्यभिचार म्हणतात तो दोष मी वर्षानुवर्षं ट्यूबमध्ये बघत आले आहे. रिपोर्ट हातात घेऊन घाबरलेल्या माणसाला काय सांगायचं ते मला ठाऊक होतं, पण का सांगायचं याची मांडणी माझ्याकडे नव्हती. ती या आठवड्यात मिळाली. तर्कशास्त्राचा व्यवहारात काय उपयोग, असं विचारणाऱ्यांना मी एरवी उत्तर देत नाही. उपयोगासाठी मी तिथे गेलेच नव्हते. तरी हे घडलं ते घडलं.

मधल्या एका संध्याकाळी वळवाचा पाऊस आला. आधी धुळीचा लोट, मग पत्र्यावर टपोरे थेंब, मग वीज गेली. योगायोग असा, की त्याच सकाळी आम्ही द्रव्यांपाशी होतो. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश, काळ, दिशा, आत्मा, मन: नऊ द्रव्यं. दीपिकेत लगेच आक्षेप येतो, नऊच का? दहावं द्रव्य आहे की! अंधार. तो दिसतो, काळा दिसतो, हलताना दिसतो. रंग हा गुण आणि हलणं हे कर्म; गुण आणि कर्म द्रव्यातच राहतात; म्हणून अंधार हे द्रव्य. आणि ते नवांपैकी एकही नाही. वास नाही म्हणून पृथ्वी नव्हे, शीतल स्पर्श नाही म्हणून पाणी नव्हे, रंग आहे म्हणून वारा नव्हे. कुमारिल भट्टांच्या परंपरेतल्या मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या पंडितांनी, हा पक्ष मनापासून धरला होता. नैयायिकांचं उत्तर असं: अंधार म्हणजे प्रकाशाचा अभाव, दुसरं काही नाही.

अंधाराची बाजू सरांनी मला दिली. आमच्याकडे बाजू मागून मिळत नाही, वाटून दिली जाते, आणि बहुधा आपल्या मताविरुद्धची. अंधार म्हणजे प्रकाश नसणं हे शाळेपासून मनात घट्ट बसलेलं, त्यामुळे पहिल्यांदा तोंडातून शब्द निघेना. पण आता चारी बाजूंना तोच होता. मी म्हटलं, डोळे मिटल्यावर 'काही दिसत नाही' आणि आत्ता डोळे उघडे ठेवून 'अंधार दिसतोय', हे दोन अनुभव मला एकसारखे वाटत नाहीत. दुसऱ्या अनुभवात मी काहीतरी बघते आहे.

वकीलकाकांनी आधी माझं म्हणणं मला पटेल असं सांगितलं, मग ग्रंथातलं उत्तर दिलं. रंग असलेली कुठलीही वस्तू डोळ्यांना दिसायला प्रकाश लागतो. अंधार तर प्रकाशाविनाच दिसतो. म्हणून ती रंग असलेली वस्तू नव्हे. त्यावर मी जे बोलले ते मला आधी सुचलेलं नव्हतं. बोलता बोलता सुचलं. हा नियम तुम्ही घडे आणि कापडं बघून केलात. प्रकाशात जे टिकतच नाही, ते प्रकाशात दाखवा असा आग्रह तुम्ही कसा धरता? सर काळोखात मोठ्याने "वा!" म्हणाले. मीमांसकांच्या बाजूनेही उत्तर असंच आहे, हे त्यांनी नंतर सांगितलं.

काकांनी मग लाघवाचा, म्हणजे कमीत कमी गोष्टी मानण्याचा, मुद्दा काढला. प्रकाश मानलाच आहे, त्याचा अभाव मानला की भागतं. दहावं द्रव्य कशाला वाढवायचं? मी म्हटलं, काटकसर तुम्ही शिकवू नका. मी एक द्रव्य वाढवलं, तुम्ही तर 'अभाव' नावाचा अख्खा सातवा पदार्थ मानून बसला आहात. काका थांबले. पावसाचा आवाज तेवढा होता. मग त्यांनी शांतपणे उत्तर दिलं: "इथे घडा नाही, हे समजायला अभाव आम्हाला लागतोच. तो काही अंधारासाठी आणलेला नाही. घरात असलेल्या वस्तूनेच काम भागलं, तर तो खर्च धरत नाहीत." हे उत्तर चोख होतं. मला आजही त्याच्यावर पुरता तोड सापडलेला नाही.

तोवर पुण्याच्या मुलाने मोबाइलचा टॉर्च लावला आणि माजघरातल्या लाकडी खांबाच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला चालत गेला. खांबाची सावली समोरच्या भिंतीवरून सरकली, कोपऱ्यात मोडली आणि पुढच्या भिंतीवर चढली. "आता सांगा, अंधार हलला का?" आम्ही सगळे त्या सावलीकडे बघत राहिलो. भिंतीच्या एका जागेवर उजेड पडायचा थांबत होता, दुसऱ्या जागेवर पडायला लागत होता. तिथून तिथे गेलं असं काहीच नव्हतं. चालला होता तो मुलगा. गणिताच्या बाईंनी भर घातली की भिंत पुरेशी लांब असेल, तर सावलीची कड प्रकाशापेक्षाही जास्त वेगाने सरकू शकते, आणि भौतिकशास्त्राचा कुठलाही नियम त्याने मोडत नाही, कारण तिथे प्रवास करणारी वस्तूच नसते. माझ्या दहाव्या द्रव्याचं 'कर्म' तिथे गेलं. 'अंधार चालतो' हा नैयायिकांच्या मते भ्रमच. तो आम्ही भ्रम म्हणून समोर पाहिला.

बाजू हरली. पण त्या तासाभरात मला जे झालं ते मी कुठल्या व्याख्यानात ऐकून मिळवलं नसतं. जे मत मला खुळचट वाटत होतं, ते मी आतून हिंडून पाहिलं. त्याच्या खिडक्या कुठे आहेत, कुठून उजेड येतो, हे मला आता माहीत आहे. रात्री गाद्या टाकल्यावरही मी आणि वहिनी कुजबुजत होतो, की काळा रंग तरी दिसतो म्हणजे काय दिसतं.

सगळंच असं रंगलं असं नाही. समवायावरची सकाळ जडच गेली. घडा आणि त्याचा रंग यांना जोडणारा संबंध हा स्वतंत्र पदार्थ का, हे मला नीट उमगलं नाही. दोघा-तिघांनाच ते लागलं असावं. एका संध्याकाळी देवाच्या अस्तित्वाचं अनुमान निघालं तेव्हा आवाज चढले, एक जण उठून नदीवर निघून गेले. जेवायच्या वेळी परत आले. आंब्याचा रस वाढताना वाद पुढे कुणी नेला नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनीच तो पुन्हा काढला, पहिल्यापेक्षा नेमका.

घाटावर सरांनी १९८३ साली पुण्यात झालेल्या एका परिषदेची हकिकत सांगितली, ती मला फार मोलाची वाटते. मे. पुं. रेगे आणि दयाकृष्ण हे तत्त्वज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी पुढाकार घेऊन एकीकडे संस्कृतात शिकलेले, इंग्रजीचा गंध नसलेले मोठमोठे पंडित आणि दुसरीकडे पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक एकत्र बसवले. चर्चेला विषय ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेलचा. विधानाचा आशय, तो खरा की खोटा हे ठरण्याआधी, स्वतंत्रपणे असतो का? हा प्रश्न संस्कृतात मांडून पंडितांपुढे ठेवला गेला, आणि बद्रीनाथ शुक्लांसारख्या नैयायिकांनी त्यावर मनापासून विचार केला. त्या चर्चेचं पुस्तक पुढे 'संवाद' नावाने निघालं. रेगे स्वतः 'नवभारत' मासिकाचे संपादक होते, वाईच्या याच प्राज्ञपाठशाळेशी आणि विश्वकोशाशी जोडलेले. आपल्या माणसाने हे घडवून आणलं, आणि मराठी वाचणाऱ्यांपैकी किती जणांना याची खबर आहे? दोन परंपरांनी एकमेकींचं कौतुक करणं सोपं असतं. एकीने दुसरीला कठीण प्रश्न घालणं आणि दुसरीने तो आपल्या भाषेत नीट मांडून घेणं, हे फार क्वचित होतं.

अशा आठवड्याला लागतं फार थोडं. ग्रंथ लहान हवा, म्हणजे एकेका वाक्यावर थांबता येतं. तो ज्याला खरोखर येतो असं एक माणूस हवं, आणि त्याला 'मला हे माहीत नाही' म्हणायची लाज नको. स्वयंपाकाची सोय हवी. आम्ही पाळ्या लावल्या होत्या आणि कांदे चिरताना झालेली चर्चा बैठकीतल्यापेक्षा कमी नव्हती. दहा-पंधराहून जास्त माणसं नकोत, नाहीतर श्रोते तयार होतात. रजा काढावी लागते हे खरं. पण लग्नाकार्याला आपण रजा काढतोच.

येत्या मे महिन्यात शब्दखंडापासून पुढे. तिथे पहिलंच वाक्य आहे, आप्ताचं वाक्य म्हणजे शब्दप्रमाण, म्हणजे शब्द हे ज्ञानाचं साधन. आणि आप्त कोण, तर जे जसं आहे तसं सांगणारा. मग एखादा माणूस जसं आहे तसं सांगतो आहे हे आधी कशावरून ठरवायचं? अनुमानावरून ठरवलं तर शब्द हे वेगळं प्रमाण राहतं का? आमच्या लॅबमधून बाहेर पडणारा प्रत्येक रिपोर्ट लोक माझ्या सहीवर विश्वास ठेवून वाचतात, तेव्हा हा प्रश्न माझ्यापुरता तरी पुस्तकातला नाही. सरांना मी आत्ताच फोन करून विचारलं, तर म्हणाले, "उत्तर फोनवर देणार नाही. बाजू कुठली मिळेल ते माहीत नाही, तेव्हा दोन्ही तयार करून ये."